सहा पांढरी, सहा काळी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेल्या प्रतींचा एक गठ्ठा कोपऱ्यात वाढत असतो, तसे ते वाढत जातात. एखादी प्रत तिरकी आलेली, एखादी काळी पडलेली. टाकायच्या म्हणून बाजूला ठेवते, पण मागची बाजू कोरी असते म्हणून टाकवत नाहीत. आमच्या चर्चा मंडळाचा गठ्ठा आता बराच झालाय.

अंधेरी पश्चिमेला मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. त्याला लागून मोफत वाचनालय, आणि तिथे दर रविवारी सकाळी दहाला आमचं मंडळ भरतं. मला त्यात घेतलं कारण माझ्याकडे कागद असतो. म्हणून मीच चिटणीस.

सुरुवातीला विषय साधे होते. 'मोबाईल : शाप की वरदान' एका रविवारात आटोपला, कारण चर्चेत तिघांचे फोन वाजले आणि तिघंही उठून गेले. मग कोणीतरी विषय काढला, 'पाकिस्तानशी संबंध सुधारावेत का?' त्याला नऊ वर्षं झाली. एक विषय संपल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, असा आमचा नियम आहे.

नियम कांबळेंचा. कांबळे मूळचे लातूरकडचे, इथे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. लिफ्टमध्ये 'सहा माणसं' लिहिलेलं असलं आणि सातवं कोणी आलं, अगदी कडेवरचं मूल असलं, तरी कांबळे स्वतः बाहेर येऊन जिन्याने जातात. त्यांचं म्हणणं, बोलणी झालीच पाहिजेत.

दुसऱ्या टोकाला सावंत सर. शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले, गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. पांढरे बूट, पांढरी पँट, पांढरा हाफशर्ट. समोरचे अन्वर मास्तर त्यांचे शर्ट शिवतात. मास्तरांनी एकदा किंचित पिवळसर बटणं लावली, तर सरांनी शर्ट उन्हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, हे पांढरं नाही." शर्ट परत गेला.

सरांचा विरोध मात्र फुकाचा नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा, शंभर मीटरमध्ये पहिला येणारा, शहरातल्या एका बॉम्बस्फोटात गेला. त्याची पळण्याची वेळ सरांना अजून पाठ आहे. त्यामुळे सर या विषयावर बोलायला लागले की आम्ही हसत नाही. नंतर हसतो.

*

पहिलं वर्षभर ज्याला जे वाटेल ते तो बोलायचा. त्याचा परिणाम असा झाला की सर आणि कांबळे यांनी तीन महिने एकमेकांशी बोलणं टाकलं. दोघंही माझ्या दुकानात यायचे आणि माझ्यामार्फत निरोप द्यायचे. तेही दुसरा शेजारी उभा असताना.

"मंगलताई, त्यांना सांगा, सीमेवर माणसं मरतायत."

"मंगलताई, त्यांना सांगा, म्हणूनच बोलायचं."

मी म्हटलं, मी झेरॉक्स काढते, परराष्ट्र खातं चालवत नाही.

मग कांबळेंनी नवा नियम केला. बाजू निवडायची नाही, डब्यातून काढायची. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात अन्वर मास्तरांनी दिलेली शर्टाची बटणं. सहा पांढरी, सहा काळी. न बघता एक उचलायचं. पांढरं आलं तर संबंध सुधारावेत म्हणून बोलायचं, काळं आलं तर विरोधात. मनात काही का असेना. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग सरांची शिट्टी. ज्या बाजूने बोलायला कोणीच उरणार नाही ती बाजू हरली आणि विषय संपला.

डबा सांभाळायला सरांकडे दिला. शिट्टी ज्याच्याकडे, साहित्य त्याच्याकडे, असा त्यांच्या शाळेतला रिवाज होता म्हणे.

*

नव्या नियमाच्या पहिल्याच रविवारी सरांना पांढरं आलं.

सर बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले. उन्हात धरून बघितलं. पांढरंच होतं. मग सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "संबंध सुधारावेत. संबंध सुधारले की त्यांचे फास्ट बोलर आपल्याकडे येतील. आपल्या पोरांना नेटमध्ये बोलिंग टाकतील. आपल्या पोरांना त्यांची सवय होईल. मग त्यांना त्यांच्या घरी जाऊन हरवायचं. धन्यवाद."

कांबळे म्हणाले, "सर, ही मैत्री नाही. ही पूर्वतयारी आहे."

"बटण पांढरं होतं," सर म्हणाले. "मी पांढऱ्या बाजूने बोललो."

नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. मी वहीत लिहिलं : सावंत सर, बाजूने, अर्धं मिनिट.

*

अन्वर मास्तर रत्नागिरी जिल्ह्यातले. मराठी आमच्यापेक्षा चांगली. कपडा कापतात तसं बोलतात, आधी माप घेऊन.

हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा एक गंमत झाली. पाकिस्तान हा शब्द आला आणि बसलेल्या सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मुद्दाम नाही. मीही बघितलं. खोटं कशाला बोलू?

मास्तर म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? मी दापोलीच्या पुढे गेलेलो नाही."

पुढे एकदा त्यांना काळं बटण आलं. मास्तर उठले आणि त्यांनी तीन मिनिटांत शेजाऱ्याची अशी काही चिरफाड केली की सरांनाही कधी जमली नव्हती. दिलेला शब्द, मोडलेला शब्द, आपण उघडलेलं दार, त्यांनी केलेला घात, सगळं एका धाग्यात. संपलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. एक-दोघं उभे राहिले.

मास्तर टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात पांढऱ्या बटणावर यापेक्षा चांगला बोललो होतो. तेव्हा एवढ्या नव्हत्या वाजल्या."

मला त्या दिवशी आमची सगळ्यांची लाज वाटली. सरांनी उगाचच शिट्टी वाजवली.

*

एका चतुर्थीला सर डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन आले. त्या दिवशी चर्चा व्यापारावर होती. सरांना काळं आलं होतं, म्हणजे मनासारखं. सर म्हणाले, "त्यांच्याकडची एक वस्तू माझ्या घरात येत नाही. येणार नाही. चिमूटभर नाही."

कांबळे खिचडीचा घास घेत होते. म्हणाले, "सर, झकास झालीय. मीठ कुठलं?"

"उपासाचं. सैंधव."

"सैंधवाच्या खाणी कुठे आहेत, सर?"

सरांनी आयुष्यभर पीटी शिकवलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मास्तरांकडे. मास्तर म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या तिकडूनच यायचं."

सरांनी चमचा खाली ठेवला. डबा बंद केला. मग उठून बाहेर जाऊन पाणी प्यायले, हात धुतले, आणि परत येऊन राहिलेली दोन मिनिटं तितक्याच जोरात बोलले.

सरांची चतुर्थी तेव्हापासून बंद आहे. घरी त्यांनी पित्ताचं कारण सांगितलंय.

*

पवईला राहणारे एक निवृत्त अधिकारी एकदा पाहुणे म्हणून आले. परराष्ट्र खात्यात उमेदीची वर्षं घालवलेली. भाषणाला उभे राहिले आणि तिसऱ्या मिनिटाला सरांनी शिट्टी मारली. पाहुणे दचकले. म्हणाले, "मी अजून प्रस्तावनेत आहे."

"सगळ्यांना सारखं," सर म्हणाले.

पाहुणे बसले. चहा आला. त्यांनी डब्याबद्दल विचारलं, म्हणून कांबळेंनी नियम मोठ्या अभिमानाने समजावून सांगितला. पाहुण्यांनी बटणं मोजली. मग आम्हाला मोजलं.

"तुम्ही सात जण," ते म्हणाले. "बटणं सहा-सहा. म्हणजे सगळ्यांना एकच रंग येणं शक्यच नाही. दोन्हीकडे एक तरी माणूस राहणारच. तुमचा विषय संपणार कसा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेव्हा सातवं वर्ष चालू होतं. इतक्या वर्षांत हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पाहुणे मात्र डब्याकडे फार आदराने बघत होते. म्हणाले, "आमच्याकडे एवढी हुशार माणसं होती. हे कोणाला सुचलं नाही."

नियम बदलावा असं मी सुचवलं. कांबळे म्हणाले, "चालू विषयात नियम बदलता येत नाही." हाही त्यांचाच नियम.

*

वाचनालयात झाडू मारायला शांताबाई येतात. आमचं बोलणं चालू असताना त्या खुर्च्यांखालून झाडू फिरवतात आणि पाय वर घ्यायला लावतात. एकदा चर्चा फार तापली. सर उभे, कांबळे उभे. शांताबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नऊ वर्सं ऐकतेय. तुमच्यातलं कोन जाऊन आलंय का तिकडं? कोनाचं कोन हाय का तिकडं?"

सर आणि कांबळे खाली बसले.

पेपरच्या टेबलावरून आवाज आला, "माजा भाऊ हाय."

तो हिराजी होता. वेसाव्याचा कोळी. गुडघ्यामुळे होडीवर जाणं सुटलेलं, आता जाळी दुरुस्त करतो. वर्ष-दीड वर्ष दर रविवारी येऊन पेपर चाळायचा आणि जायचा. आमच्यात कधी बसला नव्हता. आताही त्याने पेपरातून मान वर केली नव्हती.

"कुठे असतो?" कांबळेंनी विचारलं.

"जेलमधे."

धाकटा भाऊ धर्मा. लग्नानंतर डहाणूच्या बाजूला सासरवाडीत राहिला, गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून लागला. बोट मासे बघत पुढे गेली, हद्द ओलांडली गेली, आणि त्यांनी सगळ्यांना धरून नेलं. चार वर्षं झाली. वर्षातून दोनदा दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. पेपरात किती माणसं तो आकडा येतो, नावं येत नाहीत. हिराजी तो आकडा बघायला यायचा. वर्षातून दोनदा येणाऱ्या आकड्यासाठी दर रविवारी.

मला मग कळलं की माझ्या दुकानात हिरवी पिशवी घेऊन येणारी सुनंदा ही धर्माची बायको. रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, अर्ज, त्या अर्जाची आठवण करून देणारा अर्ज, सगळ्याच्या प्रती मीच काढत होते. झेरॉक्सवालीने कागद वाचायचा नसतो, म्हणून मी कधी वाचले नव्हते. फक्त तिच्या कागदांना मी काच पुसून घ्यायचे. का ते मला सांगता येणार नाही.

*

पुढच्या रविवारी हिराजी आमच्यात येऊन बसला. आम्ही आठ झालो. त्याला बोलायचं होतं. घरून ठरवून आला होता, ते दिसत होतं. ओठ हलत होते.

डबा फिरला. हिराजीने हात घातला. काळं.

कांबळेंचा चेहरा उतरला. नियमांचा माणूस, पण तोच पहिला म्हणाला, "हिराजी, तुमच्यापुरतं राहू द्या. दुसरं काढा."

"तुमी सगल्यांनी एकदाच काडलाव ना?" हिराजी म्हणाला. "मंग मी बी एकदाच."

तो उभा राहिला. बटण मुठीत धरून बोलला. "संबंध नाय सुधारायचे. पाण्यावर रेघ नसते. जाळं टाकलेला मानूस पाण्यात बघतो, रेघ कुटं बघेल? त्यांची बी मानसं आपल्या पाण्यात येतात, त्यांना म्हायती हाय. तरी त्यांनी होडी घेतली, जाळं घेतलं, मानूस घेतला. अशा लोकांशी कसले संबंध? नाय करायचे." मग थोडा थांबून म्हणाला, "आपला मानूस तिकडं ऱ्हायला तरी चालंल. पन नाय करायचे."

दीड मिनिट झालं होतं. तो खाली बसला.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मी वही उघडली तसा तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "मंगलताई, शेवटचा लिवू नका. भावजय येते तुमच्याकडं."

मी लिहिलं : हिराजी, विरोधात, दीड मिनिट. बाकी काही लिहिलं नाही. सर त्या दिवशी स्वतःची पाळी न घेताच डबा काखेत मारून घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

*

आता शेवटचा किस्सा.

त्याच्या पुढच्या रविवारी हिराजी येईल असं कोणाला वाटत नव्हतं. तो आला. सर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. डबा समोर.

आधी मी काढलं. पांढरं. कांबळेंनी काढलं. पांढरं. मास्तरांनी काढलं, पांढरं. नेहमीचे बाकीचे तिघं, तिघांनाही पांढरं. तोपर्यंत सहा पांढरी संपली होती, म्हणजे आता डब्यात फक्त काळी उरायला हवी होती. हे माझ्या लक्षात आलं, आणि पुढे हिराजी होता.

हिराजीने हात घातला. पांढरं.

शेवटी सर. सरांनी न बघता हात घातला आणि मूठ उघडून टेबलावर ठेवली. पांढरं.

अन्वर मास्तरांना बटण लांबूनही कळतं, कुठलं आणि कुठल्या शर्टाचं. त्यांनी डब्यात डोकावलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "सुरू करा."

हिराजी उभा राहिला. इतके दिवस घोकलेलं भाषण बहुतेक विसरला. म्हणाला, "धर्माची पत्रं येतात. लय उशिरा. तो गेला तवा पोरगी दुसरीत व्हती. आता सहावीत हाय. तो अजून लिवतो, तिला दुसरीची पुस्तकं घेऊन दे. आमी त्याला कलवत नाय. तिकडं एकट्याला कलून काय करायचा?" मग तो पोरीबद्दल बोलत राहिला. ती आता सुनंदाच्या खांद्याला लागते. तिला बोंबील आवडत नाहीत, बापाला आवडायचे. बापाचा आवाज आठवतो का विचारलं तर हो म्हणते, पण हिराजीला ते खरं वाटत नाही.

तीन मिनिटं झाली. चार झाली. शिट्टी सरांच्या ओठांत होती. सातव्या मिनिटाला हिराजी आपणहून बसला, तेव्हा सरांनी ती काढून खिशात ठेवली.

बाकी आम्ही सगळ्यांनी आपापली पाळी सोडली.

कांबळे उठले. नियमांची वही हातात घेतली, पण उघडली नाही. "विरोधात बोलायला कोणी नाही," ते म्हणाले. "ठराव मंजूर. विषय संपला."

सर म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. वहीत लिहा. डब्यातून जे निघालं ते निघालं."

मी तेही लिहिलं. ठराव टाइप केला, काच पुसली आणि आठ प्रती काढल्या. तो पाठवायचा कुठे, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. हिराजीने एक जास्तीची प्रत मागितली. सुनंदाने ती हिरव्या पिशवीत, अर्जांच्या वर ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी नवा विषय होता. कांबळेंनी सुचवलेला, 'लिफ्टमधून कुत्रे न्यावेत का?' नऊ वर्षांनी नवा विषय, म्हणून सगळे वेळेवर हजर होते. हिराजीही होता, पेपर बघून झाल्यावर येऊन बसलेला. त्या दिवशीही आकडा नव्हता.

सर थोडे उशिरा आले. पांढरे बूट, पांढरी पँट, काखेत डबा.

"डबा आणलात ना सर?" कांबळेंनी विचारलं.

"आणलाय," म्हणून सर समोर येऊन बसले. अंगात नेहमीचा पांढरा हाफशर्ट होता. कॉलरपासून खालपर्यंत त्याची सहाच्या सहा बटणं काळी होती.